मॅच बघताना मेसमध्ये मोबाइल बंद ठेवायला लावावेत का?

मिरजेची मेसवाली
मिरजेत माझी मेस आहे. जेवायला मेडिकलची पोरंपोरी जास्त, निम्मी बाहेरगावची. हॉलमध्ये टीव्ही आहे. भारताची मॅच असली की हात धुऊनही कुणी खोलीवर जात नाही. २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रयान-३ उतरलं तेव्हा पोळ्या तव्यावर तशाच टाकून आम्ही बायका बाहेर आलो होतो. केरळची पोरगी, बिहारचा पोरगा, माझ्या पोळ्यावाल्या बाई, सगळे एकदम ओरडले. २ नोव्हेंबर २०२५ ला बायकांची वर्ल्ड कप फायनल मध्यरात्रीपर्यंत चालली. स्मृती मानधना आमच्या सांगलीची, त्यामुळे जीव जास्तच गुंतलेला. दक्षिण आफ्रिकेच्या वोल्वार्टचा झेल आपल्या अमनज्योतच्या हातातून उडाला, परत उडाला आणि मग कुठे हातात बसला. तेवढ्या वेळात हॉलमध्ये कुणी श्वास घेतला नसेल. आपण सगळे एका देशाचे आहोत हे मला शाळेच्या पुस्तकापेक्षा या हॉलमध्ये जास्त कळलंय.

पण हरलो की हाच हॉल परका होतो. ४ सप्टेंबर २०२२, आशिया कप, समोर पाकिस्तान. आपल्या अर्शदीप सिंगकडून आसिफ अलीचा झेल सुटला आणि मॅच गेली. लगेच मोबाइलवर 'खलिस्तानी' सुरू झालं. एका पोराने तसला एक मेसेज मोठ्याने वाचून दाखवला. नांदेडचा एक सरदार मुलगा समोरच जेवत होता. तो अर्ध्या ताटावरून उठला. मी आत भांड्यांपाशी होते, मला उशिरा कळलं. त्यानंतर बरेच महिने तो मॅचला खाली आला नाही.

म्हणून विचारते, मॅच सुरू झाली की सगळ्यांचे मोबाइल एका टोपलीत ठेवायचा नियम करू का? तुमच्याकडे कुणी असं केलंय का?

केबलवाला
ताई, नियम करण्याआधी एक तांत्रिक गोष्ट सांगतो. डिशचा सिग्नल ३६ हजार किलोमीटरवरच्या उपग्रहापर्यंत जाऊन खाली येतो, त्याला जेमतेम पाव सेकंद लागतो. बाकीच्या प्रक्रिया धरल्या तरी टीव्ही मैदानाच्या काही सेकंदच मागे असतो. मोबाइलवर मात्र व्हिडिओ छोट्या तुकड्यांत येतो, आणि मध्येच अडकू नये म्हणून फोन काही तुकडे आधी साठवून मग दाखवतो. त्यात वीस-तीस सेकंद सहज जातात. १९ नोव्हेंबर २०२३ च्या अहमदाबादच्या वर्ल्ड कप फायनलला हॉटस्टारवर एका वेळी ५.९ कोटी लोक होते, पण एकच चेंडू प्रत्येकाने आपापल्या वेळेला बघितला. तुमच्या हॉलमध्ये सगळे एकाच क्षणी ओरडतात, ते आता दुर्मीळ आहे. ते जपा. टोपलीला माझा पाठिंबा.

गिरगावचे आजोबा
मला टोपली पटत नाही. आमच्या चाळीत बरीच वर्षं एकच टीव्ही होता. एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा अंतराळातून इंदिराबाईंशी बोलले, तेव्हा त्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती, पोरं खिडकीच्या गजांना लटकली होती. ते दिवस सोन्याचे होते असं आमच्या वयाचे लोक सांगतात. मी तिथे होतो म्हणून सांगतो, तेव्हाही झेल सुटला की खेळाडूचं नाव बघून कुजकं बोलणारे होते. मोबाइल नव्हता, तोंड तर होतं! पण बोलणारा समोर दिसायचा, आणि आमच्या मजल्यावर एक मास्तर होते, ते तिथल्या तिथे त्याला गप्प करायचे. पुढच्या मॅचला तोच माणूस त्यांच्या शेजारी मांडी घालून बसलेला असे. मोबाइल काढून घेतलात तर मनातलं मनातच राहील आणि रात्री खोलीवर बाहेर पडेल. बाई, तुमच्या हॉलला मास्तर हवा.

डब्लिनची नर्स
आजोबांशी सहमत. माझ्यासाठी तर मोबाइल हाच हॉल आहे. ४ जुलै २०२४ ला मरीन ड्राइव्हवर वर्ल्ड कप जिंकून आलेल्या टीमची मिरवणूक निघाली, ती मी ड्यूटीच्या सुट्टीत घरच्या ग्रुपवर बहिणीच्या व्हिडिओंतून बघितली आणि रडले. तो ग्रुप नसता तर मी त्या गर्दीत कुठेच नसते.

पण त्याच ग्रुपवर ऑक्टोबर २०२१ मध्ये, दुबईत पाकिस्तानने दहा विकेटनी हरवल्यावर, शमीच्या धर्मावरून काय काय आलं होतं ते मी विसरलेले नाही. विराट कोहली पत्रकारांसमोर त्याच्या बाजूने ठाम उभा राहिला. आमच्या ग्रुपवर एकही जण उभा राहिला नाही. १५ नोव्हेंबर २०२३ ला वानखेडेवर शमीने ५७ धावांत ७ विकेट घेतल्या, तेव्हा त्याच लोकांनी त्याचा फोटो स्टेटसला लावला. आधीचे शब्द मात्र कुणी मागे घेतले नाहीत. सात विकेट घेतल्यावर आपला म्हणणं सोपं आहे. झेल सुटल्यावर म्हणता आलं पाहिजे.

मिरजेची मेसवाली
सगळ्यांचे आभार. तो नांदेडचा मुलगा आता इंटर्न आहे, अजून माझाच डबा खातो. काल त्यालाच विचारलं. म्हणाला, "मावशी, मेसेज तर मलाही आले होते. हॉलमध्ये तीस जण होते आणि कुणी 'ए, बंद कर' म्हणालं नाही, ते लागलं."

त्याने आणखी एक सांगितलं. २३ ऑक्टोबर २०२२, मेलबर्न, समोर पुन्हा पाकिस्तान. दिवाळीला घरी न गेलेली पोरं खाली हॉलमध्ये होती, हा वर खोलीवर एकटा मोबाइल घेऊन बसलेला. खालून आधी आरडाओरडा आला, 'अर्शदीप, अर्शदीप' म्हणून. त्याच्या मोबाइलवर तेव्हा अर्शदीप अजून धावतच येत होता. मग चेंडू पडला, बाबर पहिल्याच चेंडूवर पायचीत. केबलवाले दादांनी सांगितलं तसंच. खाली यावंसं वाटलं, पण आला नाही.

टोपली आणणार नाही. पोरींना घरून फोन येतात, मॅच बघता बघता त्या आईशी बोलतात, ते मला तोडायचं नाही. असलं काही कुणी मोठ्याने वाचलं तर मी तिथेच, सगळ्यांसमोर थांबवणार. पुन्हा केलं तर त्याचं ताट मॅचच्या दिवशी हॉलमध्ये लागणार नाही, डबा खोलीवर जाईल. पोळ्यावाल्या बाईंनाही सांगून ठेवलंय, मी आत असले तर त्यांनी बोलायचं.