पाच महिन्यांचा लॅब अर्धी वाटी तशीच सोडतो. खाणं बदलावं का?

घोडबंदर_नववा_मजला
नर लॅब्रेडॉर, वय पाच महिने. पंधरा दिवसांपासून वाटीला तोंड लावतो, चार घास खातो आणि निघून जातो. आकडे आधीच देतो, म्हणजे विचारावे लागणार नाहीत.

गेल्या चार रविवारची वजनं: १३.६, १४.५, १५.३, १६ किलो. पिल्लांचं कोरडं खाणं, पाकिटावर १०० ग्रॅमला ३८० कॅलरी. दिवसाला ३६० ग्रॅम घालतो, १२० ग्रॅम तीनदा. त्यातलं रोज साधारण १७० ग्रॅम उरतं. शिवाय दुपारी १०० ग्रॅम उकडलेलं बोनलेस चिकन, सकाळ-संध्याकाळ आजीकडून तूप लावलेली अर्धी-अर्धी पोळी आणि दिवसभरात चार ग्लुकोज बिस्किटं. शी घट्ट, खेळणं जोरात, लसी पूर्ण. जंतांचं औषध दीड महिन्यापूर्वी दिलं.

ब्रँड बदलू का? दुकानदार कॅल्शियमचं आणि भुकेचं सिरप घ्या म्हणतोय. शेजारी म्हणतात दहीभात सुरू करा.

वजनकाटा
आकडे दिलेत ते उत्तम केलंत. आता त्यांचीच बेरीज करू.

पोटात गेलेलं कोरडं खाणं १९० ग्रॅम, म्हणजे ७२२ कॅलरी. चिकनच्या १६५. तुपाची एक पोळी १२० धरा. बिस्किटं साधारण ९२. एकूण ११०० च्या आसपास.

आता गरज किती ते बघा. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर वजन तीनदा एकमेकांशी गुणा आणि उत्तराचं वर्गमूळ दोनदा काढा. १६ × १६ × १६ = ४०९६, वर्गमूळ ६४, पुन्हा वर्गमूळ ८. त्याला ७० नं गुणा: ५६०. ही नुसती पडून राहायची गरज. चार महिन्यांच्या आतल्या पिल्लाला याच्या तिप्पट लागतं, त्यानंतर दुप्पट. म्हणजे ११२०. तुमचं पिल्लू रोज ११०० खातंय. उपाशी कुठे आहे?

गंमत म्हणजे हेच पिल्लू साडेतीन महिन्यांचं, साडेदहा किलोचं असताना त्याला १२२५ लागत होत्या. वजन दीडपट झालं आणि गरज उलट थोडी उतरली, कारण वाढीचा वेग मंदावतो. तुमच्याच वजनांत ते दिसतंय: आधी आठवड्याला ९०० ग्रॅम, मग ८००, मग ७००. नेमक्या याच वयात घराघरांत ‘हा खातच नाही’ सुरू होतं. हा हिशेब २० टक्के इकडेतिकडे होऊ शकतो, पाकिटावरचा तक्ताही अंदाजच असतो. शेवटचा शब्द फासळ्यांचा. मूठ वळा आणि बोटांच्या उंचवट्यांवरून दुसरा हात फिरवा. फासळ्या तशा टोचल्या तर पिल्लू बारीक. मग आपलाच पंजा सपाट पसरून त्याच्या मागच्या बाजूवरून दुसरा हात फिरवा. तसं लागलं तर बरोबर. तळव्याच्या गादीसारखं लागलं तर जाड. लॅब जाड असण्यापेक्षा किंचित सडपातळ असलेला सांध्यांना चांगला.

खरी अडचण वेगळी आहे. वरचं खाणं एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांत हवं, म्हणजे ११० च्या आत. तुमच्याकडे ते ३७७ आहे, तिसरा हिस्सा. बोनलेस चिकनमध्ये फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला, पोळी-बिस्किटांचंही तेच. पाकिटातलं खाणं तोलून बनवलेलं असतं, त्यात एवढी भेसळ झाली की तोल जातो.

यावर सिरप हा उपाय नाही. मोठ्या जातीच्या पिल्लाला या वयात जास्तीचं कॅल्शियम आतड्यात अडवता येत नाही, ते शरीरात जातंच आणि हाडांची वाढ वाकडी होऊ शकते. निव्वळ चिकन-भातावर वाढणाऱ्या पिल्लाची गोष्ट निराळी. तिथे कॅल्शियम कमी पडून हाडं मऊ होतात आणि डॉक्टर मोजून देतात. तुमचं तसं नाही.

उद्यापासून कोरडं खाणं २६५ ग्रॅम: ९०, ८५, ९०. चिकन ६० ग्रॅम. पोळी आणि बिस्किटं बंद. आजींना हातानं भरवायचंच असेल तर या २६५ मधलेच १५ दाणे वेगळ्या डबीत काढून द्या. मोजायला कप नको, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. ब्रँड आत्ता बदलू नका. कधी बदलायचाच झाला तर सात ते दहा दिवस घ्या: आधी पाव भाग नवं, दोन-तीन दिवसांनी अर्धं, मग पाऊण. एकदम बदललंत तर जुलाब होतील आणि खाण्यामुळे की आजारानं, हे कळायचं नाही.

येऊर_पायथा
हिशेब पटला. तरी पावसाळ्यात ठाण्यात कुत्रं खाणं सोडतंय म्हटल्यावर चार गोष्टी तपासल्याशिवाय ‘लाड झालेत’ म्हणू नये.

पहिली गोचीड. कानाच्या आत आणि मागे, पट्ट्याखाली, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली बोटं फिरवा. तो फक्त सोसायटीच्या पार्किंगमध्ये फिरतो म्हणून निर्धास्त राहू नका, गोचीड भिंतीच्या फटीतही राहते. टिक फीव्हर चावल्यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांनी दिसतो आणि भूक जाणं हीच बऱ्याचदा पहिली खूण असते. नंतर ताप, फिकट हिरड्या, लालसर-तपकिरी लघवी, कधी नाकातून रक्त. डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारात इंचभर घाला. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट ठीक. १०३ च्या वर गेलं तर त्याच दिवशी डॉक्टर. रक्ताच्या तपासणीत प्लेटलेट्स आणि स्मिअर (काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा थेंब) बघायला सांगा.

दुसरी, गिळलेली वस्तू. उपवन, येऊरच्या रस्त्यावर सध्या दाणे खाऊन फेकलेली मक्याची कणसं पडलेली असतात. लॅब ती उचलतोच. कणसाचा तुकडा जठरात पचत नाही, पुढे सरकला की आतड्यात अडकतो. साध्या एक्स-रेत तो चटकन ओळखू येत नाही, म्हणून कणसाचा संशय असेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. सोनोग्राफी करावी लागते. आंब्याची कोय, पायमोजा यांचंही तेच. वारंवार उलटी आणि शी बंद असेल तर सकाळपर्यंत थांबू नका.

तिसरी, दात. पाच महिन्यांत सुळे आणि पुढच्या दाढा बदलत असतात. दुधाचे २८ जाऊन ४२ यायचे असतात. हिरडी सुजली की कडक दाणे नको वाटतात. मऊ चिकन खातो आणि दाणे तोंडात घेऊन टाकतो, असं असेल तर दात धरा. कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून द्या. चघळायला ओला रुमाल पिळ घालून फ्रीजरमध्ये गोठवा आणि देताना समोर बसा. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नका. आयबुप्रोफेननं जठराला व्रण पडतात आणि मूत्रपिंड जातं.

चौथी, जंत. सहा महिन्यांपर्यंत औषध दर महिन्याला द्यायचं असतं. तुमचं पंधरा दिवस उशिरा आहे. मात्रा आजच्या १६ किलोवर काढून घ्या, मागची बाटली वापरू नका.

नेरूळ_सकाळची_फेरी
वरच्या दोघांचं करून झालं आणि पिल्लू निरोगी ठरलं, की मग शिस्त.

वाटी सोडल्यावर त्यात चिकन पडतं, हे पिल्लू तीन दिवसांत शिकतं. मग ते वाटीपासून दूर जातं ते भूक नाही म्हणून नव्हे, चिकनची वाट बघत. म्हणून चिकन घालायचंच तर वाटी खाली ठेवण्याआधी बारीक करून सगळ्या दाण्यांत कालवा. नकारानंतर काहीही वाढवायचं नाही. वाटी ठेवा, बाजूला व्हा, ‘खा रे, खा रे’ करत समोर उकिडवे बसू नका. पंधरा मिनिटांनी गुपचूप उचला. पुढच्या वेळेपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाटी चाटून पुसून निघते. मध्येच एक बिस्किट गेलं तर पहिल्या दिवसापासून सुरुवात.

वेळाही बघा. दमट हवेत भरदुपारी भूक लागत नाही. सकाळी सातला आणि रात्री साडेआठला मोठा वाटा, दुपारी लहान. फिरवून आणल्यावर अर्ध्या तासानं वाटी. खाल्ल्यावर लगेच पळापळ नको.

आणि खाणं ठेवता कशात? पावसाळ्यात निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

घोडबंदर_नववा_मजला
तपासलं. ताप १०१.८, हिरड्या गुलाबी, गोचीड नाही. डावा वरचा सुळा हलतोय आणि दोन दाढांच्या जागी हिरडी लाल आहे. चिकन खरंच वाटी सोडल्यावरच घालत होतो.
खाणं: १५ किलोची गोणी, उघडून पाच आठवडे. प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये ओतली आहे. उरलेले दाणे परत ड्रममध्ये जातात.

नेरूळ_सकाळची_फेरी
मूठभर दाणे हातात घेऊन वास घ्या. जुन्या शेंगदाण्यांसारखा खवट येतोय? दाणा मोडताना टक्कन आवाज न येता वाकतोय? मग ते सादळलंय आणि त्यातली चरबी खराब झाली आहे. कुत्र्याच्या नाकाला ते तुमच्या कितीतरी आधी कळतं.

लाळ लागलेले दाणे परत ड्रममध्ये टाकणं आजच थांबवा. त्या ओलीनं बुरशी धरते आणि बुरशीचं विष यकृतावर जातं. पांढरट-हिरवट काही दिसलं तर सगळंच फेका, निवडत बसू नका. यापुढे दहा किलोची गोणी घ्या, २६५ ग्रॅमनं ती साधारण पाच-साडेपाच आठवडे पुरते. पावसात त्याहून लहान मिळाली तर अधिक चांगलं. दाणे ओतू नका, गोणीसकट घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा, तोंड दुमडून चिमटा लावा. ड्रमच्या तळाशी जुनं तेल बसतं आणि नव्या मालाला तोच वास लागतो. फ्रीजमध्ये नको, बाहेर काढल्यावर पाणी सुटतं. सुटं, उघड्या पोत्यातलं तर जुलै-ऑगस्टमध्ये घेऊच नका.

भिजवलेलं खाणं अर्ध्या तासात उचला. मुंग्या लागलेल्या वाटीला पिल्लू तोंड लावत नाही, त्यामुळे वाटी पाणी घातलेल्या परातीत ठेवा. मुंग्यांच्या खडूची रेघ वाटीजवळ मारू नका, ते कीटकनाशक आहे आणि पिल्लू ते चाटतं.

वजनकाटा
दहीभाताचं राहिलं. दोन चमचे साधं दही चालेल, वीसेक कॅलरी होतील. भात विषारी नाही, पण त्यानं पोट भरतं आणि पुन्हा तोच तोल बिघडतो. चिकनचं पाणी दाण्यांवर घालायचं असेल तर बिनमिठाचं, आणि शिजवताना कांदा-लसूण अजिबात नको; त्यानं तांबड्या रक्तपेशी फुटतात. म्हणजे घरातला रस्सा बाद.

येऊर_पायथा
दात हलतोय तोवर भिजवलेलंच द्या आणि पंधरा मिनिटांऐवजी पंचवीस थांबा. दुखणाऱ्या तोंडाला शिस्त लावायची नसते. तरीही २४ तास काहीच खाल्लं नाही, किंवा पाणीही सोडलं, तर डॉक्टर.

खारघर_सेक्टर_वीस
मध्येच विचारते. पॉमेरेनियन, अडीच महिने, १.४ किलो. वाटी उचलायचा नियम तिलाही लावू का?

येऊर_पायथा
नाही ताई, अजिबात नाही. एवढ्याशा पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठा फारच कमी असतो. दिवसात चार-पाच वेळा द्या, जागेपणी चार तासांहून जास्त अंतर नको, आणि रात्री झोपण्याआधी एक वाटा. दोन वाटे लागोपाठ सोडले तर त्याच दिवशी दाखवा. लटपटायला लागली, मान टाकली किंवा थरथरली तर बोटावर मध किंवा ग्लुकोजचं घट्ट पाणी घेऊन हिरड्यांना चोळा. घशात ओतू नका, ठसका लागून फुप्फुसात जाईल. मग टॉवेलमध्ये गुंडाळून थेट दवाखाना.