'व्हाइट सुप्रीमसी'ला मराठीत काय म्हणावं : वंशश्रेष्ठत्व की वर्चस्व?

भाषांतरवाला
मंडळी, अमेरिकेतल्या १९६७ च्या 'लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया' या आंतरवंशीय लग्नाच्या खटल्यावरचा एक लेख मराठीत करतोय. त्यात 'व्हाइट सुप्रीमसी' दर दोन परिच्छेदांनी येतं. मी सवयीनं 'गोऱ्यांचं वंशश्रेष्ठत्व' लिहून मोकळा झालो, पण परत वाचताना खटकायला लागलं, कारण श्रेष्ठत्व म्हटलं की समोरचा खरंच कुणीतरी थोर आहे असा वास येतो. पेपरात वर्णवर्चस्व, श्वेतवर्चस्व, कुठंकुठं सरळ वर्णद्वेष असं काहीही दिसतं. काय घ्यावं? आणि 'इक्वल प्रोटेक्शन'ला समान संरक्षण लिहिलं तर पोलीस बंदोबस्त मागितल्यासारखं नाही का वाटत?

खडूस_वकील
दुसऱ्या प्रश्नाचं आधी उरकतो. आपल्या घटनेच्या अनुच्छेद १४ मधे मराठीत 'कायद्यापुढे समानता' आणि 'कायद्याचे समान संरक्षण' असे दोन्ही शब्द आहेत, त्यामुळे नवीन काही पाडायची गरज नाही. पहिला विचार इंग्रजांच्या कायद्यातून आलाय, दुसरा अमेरिकेच्या चौदाव्या घटनादुरुस्तीतून, १८६८ ची. (दोन्हीकडे आकडा १४ च, निव्वळ योगायोग, पण परीक्षेला लक्षात ठेवायला बरा.) आणि बंदोबस्ताचा वास आला तर येऊ द्या. ती दुरुस्ती यादवी युद्धानंतरची, नुकतेच गुलामीतून सुटलेले लोक आणि त्यांना पुन्हा जखडणारे दक्षिणेतल्या राज्यांचे कायदे, त्यामुळे खरोखरचं संरक्षण हाही तिचा अर्थ होताच.

आता सुप्रीमसी. माझं मत वर्चस्व, आणि कारण तुमच्याच खटल्यात आहे. रिचर्ड लव्हिंग गोरा, मिल्ड्रेड कृष्णवर्णीय आणि मूळनिवासी वंशाची. जून १९५८ मधे वॉशिंग्टनला जाऊन लग्न केलं, व्हर्जिनियात घरी आले, आणि जुलैमधे रात्री शेरीफ थेट झोपायच्या खोलीत. लग्नाचं सर्टिफिकेट भिंतीवर लावलेलं होतं, ते इथं चालत नाही म्हणाला. शिक्षा एक वर्षाची, पण पंचवीस वर्षं दोघांनी मिळून राज्यात पाऊल ठेवायचं नाही या अटीवर स्थगित. वरच्या कोर्टात व्हर्जिनियाचा युक्तिवाद काय होता माहितीये? की यात भेदभाव कुठंय, गोऱ्यालाही तीच शिक्षा आणि काळ्यालाही तीच, एक ते पाच वर्षं! आणि याला जुना आधारही होता, १८८३ चा 'पेस विरुद्ध अलाबामा', तिथं कोर्टानं असलंच मान्य केलेलं.

सरन्यायाधीश वॉरन यांनी एकमताच्या निकालात हे उडवून लावलं. त्यांनी दाखवलं की बंदी फक्त गोऱ्यांशी होणाऱ्या लग्नांवर आहे. दोन वेगळ्या बिगरगोऱ्या वंशांतल्यांनी एकमेकांशी लग्न केलं तर व्हर्जिनियाला काही घेणंदेणं नाही. म्हणजे वंश वेगळे ठेवायचे हा हेतू नव्हताच, एकाच वंशाभोवती कुंपण घालायचं होतं. म्हणून निकालात स्पष्ट म्हटलंय की हे नियम व्हाइट सुप्रीमसी टिकवण्यासाठी रचलेत. 'टिकवण्यासाठी' हे लक्षात घ्या. श्रेष्ठत्व माणसाच्या डोक्यात असतं, ते घेऊन तो घरी बसला तर कोर्ट काय करणार. वर्चस्व टिकवायला कायदा, शेरीफ, तुरुंग लागतात, आणि समान संरक्षणाचं कलम तिथं लागू होतं.

तिरफळ
वर्चस्वला +१. पण वर्णवर्चस्व नको हं. वर्ण म्हटलं की मराठी वाचक चातुर्वर्ण्यात शिरतो, मग सवर्ण, अवर्ण, आणि अमेरिका राहते बाजूला. दक्षिण आफ्रिकेच्या बातम्यांमुळे वर्णभेद, वर्णद्वेष रुळलेत हे खरं, पण अनुच्छेद १५ मधे धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान असं आहे, वंश वेगळा आणि जात वेगळी. मग वंशच घ्या.

बाकी मला एक सुचतंय, त्या लग्नबंदीच्या कायद्याला आपला 'बेटीबंदी' का नाही? इतका नेमका शब्द हाताशी असताना आंतरवंशीय-विवाह-प्रतिबंधक वगैरे कशाला?

खडूस_वकील
मोह मलाही झाला. पण बेटीबंदी पाळायला लावते ती जात, बहिष्काराच्या धाकानं. आपल्याकडे तर राज्य जातपंचायतीच्या विरुद्ध बाजूला उभं राहिलंय, २०१६ चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा बघा. व्हर्जिनियात बंदी घालणारं राज्यच होतं, १९२४ च्या 'रेशियल इंटिग्रिटी ॲक्ट'नं, म्हणजे वंशशुद्धीच्या कायद्यानं. लेखात एकदा तुलना म्हणून बेटीबंदी वापरा, कायद्याचं नाव म्हणून नको.

त्या १९२४ च्या कायद्यातली एक गंमत लेखात नसेल तर टाका. गोरा कोण, तर ज्याच्यात गोऱ्याशिवाय दुसऱ्या रक्ताचा अंशही नाही तो. पण अडचण अशी की व्हर्जिनियातली बडी घराणी स्वतःला पोकाहोंटस या मूळनिवासी सरदारकन्येचे वंशज म्हणवून घ्यायची, अभिमानानं. मग कायद्यात फट ठेवली : अमेरिकन इंडियन रक्त एक सोळांश किंवा त्याहून कमी असेल, आणि दुसरं बिगरगोरं रक्त नसेल, तर माणूस गोराच! शुद्ध रक्ताची व्याख्या खानदानी लोकांच्या सोयीनं ठरते, तिथं श्रेष्ठत्व कुठलं आलं डोंबलाचं.

पानवाचक
एक पुरवणी. भाषांतर करताना 'व्यक्ती' आणि 'नागरिक' यांची अदलाबदल करू नका, लोक सर्रास करतात. चौदाव्या दुरुस्तीचं समान संरक्षण व्यक्तीला आहे, आपल्या १४ मधेही व्यक्तीच, १५ मधे मात्र नागरिक. शाब्दिक कीस वाटेल पण यिक वो या चिनी लॉंड्रीवाल्याचा खटला त्यावरच उभा आहे. १८८६, सान फ्रान्सिस्को. लाकडी इमारतीत लॉंड्री चालवायला परवाना हवा असा नियम, वरवर बघितलं तर आगीच्या भीतीनं केलेला, त्यात चिनी हा शब्दसुद्धा नाही. पण साधारण दोनशे चिनी लॉंड्रीवाल्यांचे अर्ज झाडून नाकारले आणि बाकीच्यांना एक अपवाद सोडून सगळ्यांना परवाना दिला. हे चिनी लोक अमेरिकेचे नागरिक नव्हते, तरी कोर्टानं संरक्षण दिलं, कारण शब्द 'व्यक्ती' होता.

उलट जिथं कायद्यातच 'गोरा' लिहिलं होतं तिथं आपला माणूस हरला. नागरिकत्वाच्या कायद्यात 'मुक्त गोऱ्या व्यक्ती' अशी अट होती. १९२२ मधे ओझावा या जपानी अर्जदाराला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, गोरा म्हणजे कॉकेशियन (त्या काळच्या वंशशास्त्रातला एक वंश), तुम्ही नाही. तीनच महिन्यांत भगतसिंग थिंद हे पंजाबी अर्जदार आले, म्हणाले मी कॉकेशियन आहे, तर त्याच कोर्टानं सांगितलं की शास्त्राचं राहू दे, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तो गोरा. घ्या. शब्दचर्चा सुप्रीम कोर्टातही होतात, फक्त धागा त्यांना हवा तिथं लॉक करतात.

भाषांतरवाला
भारी, धन्यवाद सगळ्यांना. मग 'वंशवर्चस्व' हा सर्वसाधारण शब्द, आणि व्हाइट सुप्रीमसीला 'गौरवर्चस्व' करतो. सुप्रीमसिस्टला गौरवर्चस्ववादी.

तिरफळ
अहो मोठ्यानं वाचून बघा एकदा, 'गौरव'वर गाडी अडकते :) उपसंपादक 'गौरव वर्चस्व' करून छापेल. सरळ 'गोऱ्यांचं वर्चस्व' आणि 'गोरे वर्चस्ववादी' लिहा, शब्द तोडून.

खडूस_वकील
सहमत. आणि 'वर्णद्वेषी' फक्त व्यक्तीच्या वागण्याबद्दल ठेवा. त्या शेरीफच्या मनात द्वेष होता की नव्हता यावर निकाल अवलंबून नव्हता.