काचेच्या आधी ओल्या कपड्यांचं बघा
वरच्या पोस्टमध्ये कोणीतरी बंदर कामगारांच्या सोयीसाठीच्या (कपडे बदलणं, जेवण, आराम) बिल्डिंगला समुद्राकडे अख्खी काचेची भिंत सुचवलीय, दिसायला छानच, पण सुरुवात तिथून नको. धक्क्यावरचा माणूस पावसात, ग्रीसमध्ये काम करून आत येतो, त्याला आधी बूट नि रेनकोट काढायला जागा हवी, म्हणजे एकीकडे मळके कपडे, मधे शॉवर, पलीकडे स्वच्छ कपड्यांचे लॉकर, आणि गरम हवा खेळवलेली वाळवायची खोली, नाहीतर पुढच्या शिफ्टला तेच ओलं जॅकेट अंगात. हे नंतर कोंबता येत नाही हो, ड्रेनेज आणि एक्झॉस्ट आधीच ठरवावं लागतं.

दुसरं म्हणजे गेटपासून चालत यायची वाट. स्ट्रॅडल कॅरियरच्या, म्हणजे कंटेनर आपल्या पायांमधे उचलून नेणाऱ्या उंच गाडीच्या, ड्रायव्हरला अगदी जवळ खाली उभा असलेला माणूस सहज दिसत नाही, नुसते पट्टे रंगवून भागत नाही, मधे पक्का कठडा पाहिजे.

खाऱ्या हवेत ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलवर तांबूस डाग येतात, रेलिंगला ३१६ ग्रेडचं घ्या.

आणि रात्रपाळीवाल्यांची आरामाची खोली त्या काचेच्या बाजूला अजिबात नको, तिकडेच क्रेनचे फ्लडलाइट, रिव्हर्सचे भोंगे, डोळा कसा लागणार? काच कँटीनला द्या.