८ जीबीच्या लॅपटॉपवर लिनक्स: व्हर्च्युअलबॉक्स की डब्ल्यूएसएल?

(बोलणारे सोलापुरातले तिघे, नावाऐवजी त्यांचा भाग.)

सात रस्ता: सोलापुरात कॉलेजच्या पोरांना लिनक्स शिकायला सरसकट व्हर्च्युअलबॉक्स (विंडोजच्या आत वेगळा आभासी संगणक, म्हणजे व्हीएम, चालवणारं सॉफ्टवेअर) टाकायला सांगतात. ८ जीबी रॅमवर ते चुकीचं आहे. उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) डेस्कटॉपला ४ जीबी दिली की विंडोजला उरते ४. क्रोम उघडलं की दोन्हीकडे बोंब. त्यापेक्षा डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजमध्येच लिनक्स चालवायची मायक्रोसॉफ्टची सोय, बरी: पॉवरशेल (विंडोजची कमांड द्यायची खिडकी) ॲडमिन म्हणून उघडा, 'डब्ल्यूएसएल --इन्स्टॉल' द्या, रिस्टार्ट करा, युजरनेम-पासवर्ड ठरवा. पासवर्ड टाइप करताना स्क्रीनवर काहीच उमटत नाही, म्हणून पोरं घाबरून खिडकी बंद करतात. टाइप करत राहायचं, एंटर दाबायचं.

जुळे सोलापूर: नाही पटलं सर. डब्ल्यूएसएलमध्ये इन्स्टॉलर नाही, पार्टिशन नाही, ग्रब (लिनक्स बूट करणारा प्रोग्राम) नाही. मग लिनक्स शिकलं काय? व्हर्च्युअलबॉक्समध्ये आधी स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची जतन केलेली स्थिती) घ्या आणि खुशाल एफएसटॅब (कुठली डिस्क कुठे जोडायची ते सांगणारी फाइल) बिघडवून बघा, बूट अडकलं की दोन क्लिकवर मागे. रॅम खातो तो डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या-आयकॉनचा भाग. बिनडेस्कटॉपचं डेबियन (लिनक्सचाच आणखी एक प्रकार) टाका: २ जीबी रॅम, प्रोसेसरचे २ कोअर, २० जीबीची डायनॅमिक (वापराप्रमाणे वाढणारी) डिस्क. आरामात चालतं. सगळे कोअर मात्र देऊ नका, मे महिन्यात इथं लॅपटॉप आधीच तापलेला असतो.

होटगी रोड: कासवाचं कुणी बोलेना! व्हीएमच्या खिडकीत खाली उजवीकडे हिरवं कासव दिसलं, तर खाली विंडोजचा हायपरव्हायझर (व्हीएम चालवणारा थर) चालू आहे, म्हणून व्हीएम रांगतं. डब्ल्यूएसएल २ (वरच्या कमांडने हीच आवृत्ती येते) त्याच हायपरव्हायझरवर चालतं, म्हणून दोन्ही एकत्र टाकलं की हमखास हे होतं. विंडोज फीचर्समधून हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म आणि विंडोज हायपरव्हायझर प्लॅटफॉर्मच्या खुणा काढा. तरी कासव राहिलं तर विंडोज सिक्युरिटीतल्या कोअर आयसोलेशनमधली मेमरी इंटिग्रिटी चालू आहे का बघा. आणि व्हीएम सुरूच होत नसेल तर टास्क मॅनेजरच्या सीपीयू पानावर व्हर्च्युअलायझेशन 'डिसेबल्ड' आहे का बघा. असेल तर बायॉसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीची सेटिंग) इंटेलला व्हीटी-एक्स, एएमडीला एसव्हीएम चालू करा.

सात रस्ता: बघा की, कासवासाठी सुरक्षेची सोय बंद करायची! घरातले बँकेचे व्यवहार त्याच लॅपटॉपवर होतात. एक कबूल, डब्ल्यूएसएल २ निम्म्या रॅमपर्यंत जातं. युजर फोल्डरमधल्या '.डब्ल्यूएसएलकॉन्फिग' फाइलमध्ये मेमरी ३ जीबीवर बांधा, मग 'डब्ल्यूएसएल --शटडाउन' द्या. प्रोजेक्ट लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच ठेवा, सी ड्राइव्हवरून गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) फार हळू चालतं.

जुळे सोलापूर: मेमरी इंटिग्रिटी बंद करू नका, हे मलाही मान्य. पण डेस्कटॉप नसलेलं डेबियन कासवासकटही सरावापुरतं चालतं. ग्रब मोडून दुरुस्त करायला डब्ल्यूएसएलमध्ये जागाच नाही, त्यावर अजून उत्तर आलेलं नाही.