जुनी मर्सिडीज, दिल्लीचा नंबर आणि वॉरंटीचा कागद: घरच्या ग्रुपवरची चर्चा

मी: सगळ्यांना नमस्कार. गाडीबद्दल विचारायचं आहे. मर्सिडीज सी २२० डी, २०१९ चं मॉडेल, डिझेल, सिंगल ओनर, ५८ हजार किलोमीटर. पुण्यातला एक डीलर २३ लाख सांगतोय. नंबर दिल्लीचा आहे. वर एक वर्षाची एक्स्टेंडेड वॉरंटी देतोय, तिचे ८५ हजार वेगळे. नवी होती तेव्हा हिची किंमत ४० लाखांपासून सुरू व्हायची. शनिवारपर्यंत टोकन द्या म्हणतोय. काय करू?

वहिनी: फोटो टाका ना भाऊजी!

मी: [फोटो]

वहिनी: पांढरी! सुंदर आहे हो.

नानाकाका: सुंदर आहेच. पण टोकन देऊ नकोस. दिल्लीची डिझेल इकडे स्वस्त का मिळते ते आधी समजून घे. तिथे दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. नंतर कोर्टात त्यावर बरंच काही झालं, पण लोकांच्या मनातली धास्ती गेली नाही. सहा-सात वर्षं झाली की मालक गाडी काढून टाकतात आणि ती आपल्याकडे येते. म्हणजे गाडी वाईटच असेल असं नाही. पण २३ लाख हा तुझा आकडा नाही, एवढं पक्कं समज.

मी: म्हणजे काय काका?

नानाकाका: तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना हरकत, लागेल, फॉर्म २८. मग एमएच पासिंग, म्हणजे इथली नोंदणी, आणि रोड टॅक्स नव्याने. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या डिझेल गाडीला १५ टक्के आहे. गाडीच्या वयाप्रमाणे तो कमी होतो, पण हिशोब मूळ किमतीवरून होतो, तू देणार त्या २३ वरून नाही. काही लाखांचा मामला आहे. २३ मध्ये पासिंग धरलंय का, हे त्याला लेखी विचार. तोंडी ‘हो साहेब, सगळं करून देऊ’ चालणार नाही.

बाबा: आरसीवर बँकेचा बोजा आहे का तेही बघ. असेल तर तो उतरवल्याचं बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे नाहीत. ई-चलनं किती थकली आहेत तेही बघून घे.

ताई (दिल्ली): गाडी दिल्लीत कुठे होती? जुलै २०२३ मध्ये इथे यमुना २०८.६६ मीटरवर गेली होती, आजवरची सगळ्यात जास्त पातळी. सिव्हिल लाइन्स, आयटीओ, रिंग रोड, सगळीकडे पाणी. त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या साफसूफ करून बाहेरच्या राज्यांत जाऊ शकतात. आरसीवरचा पत्ता कळव.

मी: रोहिणीच्या बाजूचा आहे.

ताई (दिल्ली): मग जरा बरं. पण घर रोहिणीत आणि गाडी रोज ऑफिसला आयटीओला, असंही असतं.

नानाकाका: पत्त्यावर जाऊ नकोस, गाडी स्वतः सांगते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढ. वरचा भाग पुसलेला असतो, आत गुंडाळलेल्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेघ राहते. पुढची सीट मागे सरकवून खालच्या रुळांवर गंज आहे का बघ. डिकीतला गालिचा उचलून खड्ड्यात हात फिरव, कोपऱ्यात माती लागते. आणि गाडीत नुकतंच अत्तर फवारलेलं असेल तर काचा लावून दहा मिनिटं आत बसून राहा. कुबट वास लपत नाही.

बाबा: नाना, ५८ हजार किलोमीटर खरे कशावरून?

नानाकाका: चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जायचं. तिथे सर्व्हिस झाली असेल तर प्रत्येक वेळचं रीडिंग असतं. मालकाच्या संमतीशिवाय काही जण देत नाहीत, मग डीलरलाच काढून आणायला सांगायचं. तो टाळाटाळ करू लागला तर गाडी सोडून द्यायची. शिवाय टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. चारही टायर एकाच वेळचे नसतील तर का नाहीत ते विचारायचं.

आत्या: वॉरंटीचा कागद टाक. रंगीत पत्रक नको, अटींचा.

मी: [पीडीएफ]

आत्या: सगळा वाचला. नोकरीची सगळी वर्षं मी विमा कंपनीत क्लेम बघितले आहेत, म्हणून शेवटच्या पानापासून वाचायची सवय आहे. आता नीट ऐक.

ही वॉरंटी मर्सिडीजची नाही. डीलरचीसुद्धा नाही. तिसऱ्याच एका कंपनीची आहे, डीलर फक्त विकतो. उद्या वाद झाला तर तो म्हणेल, त्यांच्याशी बोला.

काय मिळतं ते अर्ध्या पानात संपतं. काय मिळत नाही त्याला साडेतीन पानं. ब्रेक पॅड, डिस्क, बॅटरी, टायर, बुश, रबरी होस, सस्पेन्शनचे शॉक, सगळं ‘झीज’ म्हणून बाहेर. टर्बो आहे, पण ‘कार्बन साचल्यामुळे बिघाड’ झाला तर बाहेर. डीपीएफ, म्हणजे धुराची जाळी, आणि अॅडब्लू, म्हणजे धूर स्वच्छ करणारं द्रव, यांची सगळी यंत्रणा बाहेर. इलेक्ट्रॉनिक्समध्ये नावानिशी दिलेले पाचच भाग, स्क्रीन त्यात नाही.

एका क्लेमला कमाल दीड लाख, वर्षभरात मिळून अडीच लाख. पहिले ३० दिवस काहीच नाही. बिघाड सापडावा म्हणून इंजिन उघडायला लागलं तर उघडायचा खर्च तुझा, आणि निघालेला भाग यादीत नसेल तर तो परत मिळत नाही. त्यांची परवानगी येण्याआधी गॅरेजने पाना लावला तर क्लेम रद्द. आणि ‘विक्रीपूर्वी अस्तित्वात असलेला दोष’ बाहेर. सात वर्षांच्या गाडीत कुठला दोष विक्रीपूर्वी होता आणि कुठला नंतर आला, हे ठरवणार कोण? त्यांचाच सर्व्हेअर. माझं सगळ्यात मोठं भांडण या ओळीशी आहे.

मी: म्हणजे ८५ हजार पाण्यात?

आत्या: गिअरबॉक्स अंतर्गत बिघाडाने गेला तर ते दीड लाखापर्यंत देतील. तेवढा एक आधार आहे. पण गिअरबॉक्सचं काम दीड लाखात उरकतं का, ते नानाला विचार.

नानाकाका: खोलायला लागला तर नाही उरकत. गाडी जुनी झाली म्हणून तिचे पार्ट स्वस्त होत नाहीत. घेताना २३ लाखांची असली तरी बिघडते तेव्हा ती ४० लाखांचीच गाडी असते. लोक हप्ता जमतो का बघतात, हे बघतच नाहीत. माझ्या ओळखीतल्या एकाने अशीच एक जर्मन गाडी घेतली, पुढे एअर सस्पेन्शनचं बिल बघून वर्षभर तशीच पार्किंगमध्ये उभी ठेवली. चांगला कमावता माणूस, पण त्या बिलाची तयारी नव्हती.

वहिनी: विम्याचं काय? जुन्या मालकाचा विमा चालतो ना?

आत्या: थर्ड पार्टी चालू राहतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग १४ दिवसांत नावावर करून घ्यावा लागतो. नो क्लेम बोनस मात्र जुन्या मालकाचा, तो गाडीबरोबर येत नाही. त्यामुळे पहिला हप्ता दिसतो त्यापेक्षा जास्त येईल. झिरो डेप (पार्टची झीज न कापता भरपाई) आणि इंजिन प्रोटेक्ट (इंजिनच्या नुकसानीचं जादा कव्हर) मिळतंय का ते आधी विचार, गाडीचं वय बघून काही कंपन्या देत नाहीत.

नानाकाका: मला एक सांग. रोज चालवणार कुठे?

मी: बाणेर ते हिंजवडी. येऊन-जाऊन पंचवीस किलोमीटर असेल. महिन्यातून एकदा नाशिक, तुमच्याकडे.

नानाकाका: मग डिझेल कशाला रे? बीएस ६, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या, डिझेलला डीपीएफ असतो, धुरातली काजळी अडवणारी जाळी. ती काजळी आतच जळायला इंजिन तापावं लागतं, सलग वीस-तीस मिनिटं बऱ्या वेगाने चालावं लागतं. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना ते होत नाही. जाळी भरत जाते, दिवा लागतो, दुर्लक्ष केलं तर मोठा खर्च. आणि आत्याने वाचलंच, तोच भाग वॉरंटीबाहेर. गाडी उत्तम असली तरी तुझ्या रस्त्याची नाही.

मी: काका, खरं सांगू का, कॉलेजपासून ही गाडी मनात आहे. दोन वर्षं पैसे साठवलेत.

नानाकाका: हौसेला मी नाही म्हणत नाही. तू मेहनतीने कमावलंस, चांगली गाडी घे. म्हणूनच सांगतोय, पेट्रोल बघ, एमएच नंबरची बघ. आणि मर्सिडीजच हवी असेल तर त्यांच्याच सर्टिफाइड विभागातून, म्हणजे कंपनीने तपासून विकलेल्या जुन्या गाड्यांतून बघ. किंमत जास्त पडेल, पण वॉरंटी देणारा आणि दुरुस्त करणारा एकच राहील.

बाबा: अजून एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर जीएसटी आणि सेस मिळून ४५-५० टक्के लागायचे ते सरळ ४० झाले. नव्याच उतरल्या तर जुनी त्याच भावात का घ्यायची? घासाघीस करताना हे बोल.

आत्या: आणि वॉरंटी घेतलीसच तर ज्या वर्कशॉपमध्ये दुरुस्ती होणार त्यांचं नाव, पत्ता कागदावर हवा. तक्रार करायची वेळ आली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. पण मी तुझ्या जागी असते तर ते ८५ हजार वेगळ्या खात्यात ठेवले असते, आणि दर महिन्याला थोडे भर घातले असते. त्या खात्याला सर्व्हेअर नसतो.

मी: डीलरला विचारलं. पासिंग आणि टॅक्स वेगळे म्हणाला. सर्व्हिस रेकॉर्ड ‘बघतो’ म्हणाला. टोकन मात्र आजच द्या, दुसरी पार्टी आहे.

नानाकाका: दुसऱ्या पार्टीला घेऊ दे.

मी: कळवलं त्याला, नाही म्हणून. सर्टिफाइडमध्ये एक सी २०० पेट्रोल आहे, २०२१ ची, एमएच १४. तीन लाख जास्त. आत्या, तिच्या वॉरंटीचा कागद मागवलाय, आला की पाठवतो.

आत्या: पाठव. शेवटचं पान सुटू देऊ नकोस.

नानाकाका: रविवारी सकाळी मी पुण्यात येतो. आपण पोचायच्या आधी गाडी चालू करू नका असं त्यांना सांगून ठेव, इंजिन थंडच ऐकायचंय मला. बॉनेट गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी परत जाऊ.