बाबांचं मान खाली घालून बसणं आणि घड्याळातला आकडा: संबंध असतो का? (नागपूर)

मानेवाडा_मुलगी:
बाबा ६४ वर्षांचे. जानेवारीत डिप्रेशनचं निदान झालं, गोळ्या सुरू आहेत. पूर्वी बोलताना हात इतके हलवायचे की आई चहाचा कप त्यांच्यापासून लांब ठेवायची. आता सोफ्याच्या कोपऱ्यात खांदे पाडून, नजर फरशीवर. हाक मारली तर मान वळायलाही वेळ लागतो. शेजारचे काका रोज येऊन सांगतात, "काहून असे वाकून बसून राहिले? छाती काढून बसा, सगळं बरोबर होते."

भावाने दिवाळीत त्यांना स्मार्टवॉच दिलं. त्यात एचआरव्ही (दोन ठोक्यांमधलं अंतर किती कमी-जास्त होतं तो आकडा) तेव्हा ३० मिलीसेकंदांच्या आसपास यायचा, आता १८-२०. बसल्या जागी ठोके ७४ होते, आता ८८. "कसं वाटतंय" विचारलं की उत्तर "ठीक", म्हणून मी विचारणंच सोडलंय. रात्री ते झोपले की आकडे बघते. यावरून आजार वाढला की कमी झाला, कळतं का? ताठ बसवलं तर आकडा सुधारेल?

शरीरशास्त्रवाली:
संबंध आहे, पण काका म्हणतात तसा नाही. हृदयाला मोकळं सोडलं तर ते मिनिटाला शंभरच्या आसपास धडधडेल. व्हेगस नावाची नस त्याला सतत ब्रेक लावून ठेवते. श्वास घेताना ब्रेक जरा सैल, सोडताना घट्ट. म्हणून दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं नसतं, आणि हा चढउतार म्हणजे एचआरव्ही. डिप्रेशनमध्ये तो सरासरीने कमी आढळतो. मंद हालचाली, बारीक आवाज, नजर टाळणं ही त्याच आजाराची लक्षणं, आळस नव्हे. चेहरा-आवाजाच्या नसा आणि हा ब्रेक मेंदूच्या तळाशी जोडलेले आहेत, असा सिद्धांत स्टीफन पोर्जेस यांनी १९९५ मध्ये मांडला. त्यावर वाद आहेत, तेव्हा तो पक्का धरू नका.

वाकून बसल्यावर श्वास उथळ होतो, एवढं मात्र खरं. मिनिटाला सहाएक संथ श्वास घेतले तर तेवढ्या वेळापुरता चढउतार वाढतो. तो डिप्रेशनवरचा इलाज नाही. आणि घड्याळावरून निदान तर नाहीच: वय, अपुरी झोप, आपल्याकडचा मे महिना, कमी पाणी, सगळं त्या आकड्यात मिसळतं. गोळ्याही. कोणती चालू आहे?

मानेवाडा_मुलगी:
नॉरट्रिप्टिलीन, फेब्रुवारीपासून. आत्ता मागे जाऊन बघितलं, आकडा त्याच आठवड्यात घसरलाय!

शरीरशास्त्रवाली:
नॉरट्रिप्टिलीनच्या गटातल्या गोळ्या ठोके वाढवतात आणि एचआरव्ही कमी करतात. म्हणजे घसरण आजाराचीच असेल असं नाही. गोळी स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांना आकडे दाखवा, या वयात ईसीजी हवा का ते विचारा.

झिरो_माईल:
मी स्वतः यातून गेलोय. "ताठ बस" म्हटलं की मला एवढंच ऐकू यायचं, तुला साधं बसताही येत नाही. काकांना चहा पाजा आणि विषय बदला. माझा मित्र पहाटे साडेपाचला अंबाझरी तलावावर न्यायचा, एक शब्द बोलायचा नाही. समोरून सायकलवाले यायचे, त्यांना चुकवायला मान वर करावीच लागायची. बरा झालो तो औषधानेच, पण ती चाल मला अजून आठवते.

आणि ताई, आकडे बघा पण बाबांना विचारणं सोडू नका. "जगून काय करू" असं काही बोलले तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका. टेलि-मानस १४४१६, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, चोवीस तास चालू असते.

मानेवाडा_मुलगी:
तसं काही बोललेले नाहीत. आज सरळ विचारलं, नंबर फ्रीजवर चिकटवलाय. सोमवारची अपॉइंटमेंट आहे. आकडे कागदावर उतरवलेत, गोळी सुरू झाल्याची तारीख लाल पेनाने. बाबांना म्हटलं, उद्या अंबाझरीला जाऊ, तर म्हणाले, "ऊन होईल." साडेपाचला निघतोय. तिथे गाडी कुठे लावायची, कोणी सांगेल का?