मर्जसाठी ९०% कव्हरेजची सक्ती: दर्जा खरंच सुधारतो का?

शेवटची_ओळ (धागाकर्ता)
सॉफ्टवेअरचा दर्जा सुधारण्यावरच्या एका निबंधाचा गाभा असा: मर्जआधी, म्हणजे नवा बदल मुख्य कोडमध्ये मिसळण्याआधी, सगळ्या टेस्ट आपोआप चालाव्यात, आणि त्यात ९० टक्क्यांपेक्षा कमी ओळी चालल्या असतील तर मर्ज अडवावं. पहिला भाग मान्य. दुसऱ्याला माझा ठाम विरोध आहे.

टेस्टमध्ये कोडच्या किती ओळी चालल्या ते कव्हरेज; ओळ चालली, एवढंच ते सांगतं. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतली हार्टब्लीड ही चूक घ्या. जोडणी जिवंत आहे का हे बघायच्या हार्टबीट संदेशात पाठवणारा थोडा मजकूर देतो, त्याची लांबी सांगतो आणि समोरच्यानं तोच मजकूर परत पाठवायचा असतो. लांबीचा रकाना २ बाइटचा, म्हणजे ६५,५३५ पर्यंत कुठलाही आकडा. ओपनएसएसएलनं तो आकडा न तपासता मेमरीतून तितके बाइट उचलणाऱ्या मेमकॉपी फंक्शनला थेट दिला. मजकूर १ बाइटचा पाठवून लांबी ६५,५३५ सांगितली की शेजारच्या मेमरीतले जवळपास ६४ किलोबाइट बाहेर: पासवर्ड, सेशन कुकी, प्रसंगी सर्व्हरची खासगी किल्लीसुद्धा.

आता टेस्ट लिहा. मजकूर १८ बाइट, लांबी १८, तेच परत आलं, पास. मेमकॉपीची ओळ अहवालात हिरवी, म्हणजे चाललेली, आणि बग जिथल्या तिथं. चूक लिहिलेल्या ओळीत नव्हती. तपासणी लिहायचीच राहून गेली होती. एप्रिल २०१४ च्या १.०.१जी आवृत्तीत तीच आली: १ + २ + लांबी + १६ (संदेशाचा प्रकार, लांबीचा रकाना, मजकूर आणि शेवटची भर) ही बेरीज रेकॉर्डच्या खऱ्या लांबीपेक्षा जास्त भरली तर संदेश टाकून द्यायचा. जी अट कोडमध्येच नाही, तिचं कव्हरेज मोजणार कसं?

हिरवी_बिल्ड
उदाहरण बरोबर, निष्कर्षाशी असहमत. त्याच वर्षी फेब्रुवारीत ॲपलनं ‘गोटू फेल’ची, म्हणजे थेट फंक्शनच्या शेवटाकडे उडी मारणाऱ्या ओळीची, चूक दुरुस्त केली. ती ओळ लागोपाठ दोनदा पडली होती. पहिली इफच्या ताब्यात, दुसरी मोकळी. त्यामुळे सर्व्हरची सही पडताळणारा खालचा कॉल कधीच चालत नव्हता, आणि एररचं मूल्य शून्य असल्यानं फंक्शन ‘सगळं ठीक’ म्हणून परतायचं. कव्हरेज अहवालात तो कॉल लाल दिसला असता. कितीही टेस्ट वाढवल्या तरी लालच राहिला असता. सक्ती काढा, आणि रिलीजच्या आठवड्यात पहिली कात्री टेस्टलाच लागेल.

शेवटची_ओळ
अहवालाला माझी ना नाही, ९० च्या दरवाजाला आहे. त्या दोन-तीन ओळी लाल असूनही अख्खी लायब्ररी ९५ टक्के भरू शकते आणि दरवाजा उघडतो. आकडा गाठायचाच म्हटलं की गेटर-सेटरच्या (नुसतं मूल्य वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या फंक्शनांच्या) टेस्ट आधी लिहिल्या जातात, आणि अवघड फंक्शन नुसतं बोलावून ‘नल (रिकामं) आलं नाही’ एवढाच असर्ट, म्हणजे तपासणी, टाकला जातो. शिवाय ती चूक कंपायलरनंच पकडायची. क्लँग या कंपायलरमध्ये न पोचता येणाऱ्या कोडचा इशारा वेगळा चालू करावा लागतो. जीसीसी या दुसऱ्या कंपायलरमध्ये ६व्या आवृत्तीपासून फसव्या इंडेंटेशनचा इशारा ‘वॉल’ या नेहमीच्या पर्यायातच येतो. इशाऱ्याला एरर माना. पाच मिनिटांचं काम आहे.

सीमारेषा
शेवटची_ओळ, पोकळ असर्ट ओळखता येतात, तुम्ही तो मार्ग सांगायला हवा होता. म्युटेशन टेस्टिंग करा. जावात पिट हे टूल ‘<’ चं ‘<=’ करतं, परत येणारं मूल्य बदलतं आणि टेस्ट पुन्हा चालवतं. तरीही सगळं पास झालं, तर त्या जागी टेस्ट नावालाच आहे. पूर्ण कोडवर चालवलं तर तासन्‌तास जातात; पुल रिक्वेस्टमध्ये (मर्जसाठी मांडलेल्या बदलात) बदललेल्या क्लासपुरतं ठेवा, बाकी रात्री. इथंही शंभर टक्क्यांचा हट्ट नको, कारण काही बदलांनी वर्तनात फरकच पडत नाही.

आणि हार्टब्लीडसारख्या चुकांना फझिंग, म्हणजे वेडावाकडा इनपुट मारत राहणं. लिबफझर या फझरसोबत, हद्दीबाहेरची मेमरी वाचली की प्रोग्रॅम पाडणारा ॲड्रेस सॅनिटायझर लावून बिल्ड करा, खरी नेटवर्क पाकिटं सुरुवातीचं बीज म्हणून द्या. सॅनिटायझरनं प्रोग्रॅम साधारण दुप्पट हळू होतो, तेवढं सोसा. क्रॅश झालेलं पाकीट कायमची टेस्ट म्हणून रेपोत (कोडच्या साठ्यात) ठेवा.

टप्प्याटप्प्यानं
तुम्ही सगळे मर्जपाशीच थांबलात. १९ जुलै २०२४, भारतात सकाळचे ९:३९. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची जी फाइल ग्राहकांच्या मशीनवर गेली तिला कोड म्हणत नाहीत, कंटेंट म्हणतात. टेम्प्लेटमध्ये २१ रकाने, त्याला मूल्यं पुरवणारा कोड २० च द्यायचा. आधीच्या फाइलींत २१व्या रकान्यात ‘काहीही चालेल’ अशी खूण होती, त्यामुळे टेस्ट पास होत राहिल्या. नव्या फाइलीनं तिथं खरी तुलना मागितली, कर्नलमधल्या (विंडोजच्या गाभ्यातल्या) ड्रायव्हरनं हद्दीबाहेरची मेमरी वाचली आणि विंडोज कोसळलं. फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली, तरी मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं ८५ लाख मशीन पडली होती.

आधी १ टक्का मशीनवर पाठवा, ती जिवंत असल्याचे संदेश येतात का ते तासभर बघा, मग १० टक्के. क्रॅश वाढले तर वितरण माणसाची वाट न बघता थांबलं पाहिजे. कॉन्फिगच्या फाइलींनाही हाच रस्ता लावा. ‘कोड बदललाच नाही’ म्हणून त्या सुटतात, तिथंच घात होतो.

हिरवी_बिल्ड
कंटेंट फाइलींचा मुद्दा बिनशर्त मान्य. दरवाजाबद्दल थोडं मागे येतो: अख्ख्या रेपोची टक्केवारी सोडा, पण बदललेली प्रत्येक ओळ टेस्टमध्ये चाललीच पाहिजे, नाहीतर का नाही ते पुल रिक्वेस्टमध्ये लिहा.

शेवटची_ओळ
कारण लिहायची सोय असेल तर मला चालेल. मात्र ते कारण वाचून मंजूर करणारा माणूस ती ओळ लिहिणारा नसावा, आणि पार्सरला (बाहेरून आलेला डेटा वाचणाऱ्या कोडला) हात लावला असेल तर फझरशिवाय मर्ज नाही.